स्प्रिंगच्या एअर रायफलचं पोट उघडताना

चैत्रात जोतिबाची यात्रा संपली की आठवड्याभरात माझ्या शेडवर बंदुका येतात. फुगेवाल्यांच्या. पाच-सहा एअर रायफली पोत्यात गुंडाळून एम-एटीवर आडव्या टाकून आणतात आणि शटरच्या आत उभ्या करून चहाला जातात. मी टर्नर. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लेथवर तीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी ऑइल इंजिनाच्या सुट्या भागांवर. बंदुकीचं काम अंगावर कसं आलं ते आता आठवत नाही. बहुतेक कुणाला तरी एक वायसर करून दिला असणार, मग त्यानं दुसऱ्याला सांगितलं.

अलीकडे पालकही येतात. 2024 च्या ऑगस्टमध्ये स्वप्निल कुसाळेला पॅरिसला कांस्य मिळालं, तेव्हा गावोगावच्या माळ्यांवरून आजोबांच्या जुन्या बंदुका खाली उतरल्या. त्याचं पदक 50 मीटरचं, त्याची रायफल पॉइंट टू टूची, काडतुसाची. हे मी प्रत्येकाला सांगतो, कुणी ऐकत नाही. असू दे. पोरानं अंगणात कागदावर नेम धरायला स्प्रिंगची बंदूक उत्तमच.

या वर्षी एका फुगेवाल्या मामांनी आणलेली एक बंदूक चांगली लक्षात राहिली, म्हणून तिच्यावरूनच सगळं सांगतो. जुनी, नळी सांध्यात खाली वाकवून (आम्ही 'मोडून' म्हणतो) भरायची, 4.5 मिमीची, आत चामड्याचा वायसर. मामांची तक्रार एका शब्दाची होती: "फुस्स."

आधी आत काय चालतं ते डोळ्यांसमोर आणा. सायकलचा पंप घ्या. त्याचा दांडा हातानं दाबण्याऐवजी दाबलेल्या जाड स्प्रिंगनं एका झटक्यात पुढं लोटला, की झाली एअर रायफल. नळी खाली मोडताना तुम्ही स्प्रिंग दाबता, पिस्टन मागं जाऊन खटक्यावर अडकतो. चाप ओढला की पिस्टन सुटतो, पुढची हवा चेपतो, ती हवा एका बारीक भोकातून छर्ऱ्याच्या मागं शिरते. साठवलेली हवा कुठेच नसते, जी काय तयार होते ती त्या क्षणी. म्हणून तीन गोष्टी नीट लागतात: पिस्टनच्या तोंडाचा वायसर, नळी मिटते तिथला सांधा, आणि स्प्रिंगची सरळ चाल. बंदूक जोरात मारते की नाही हा प्रश्न मी नंतर बघतो. दहाही बार सारखे सुटतात का, हे आधी. पहिला बार जोरात आणि दुसरा मवाळ मारणाऱ्या बंदुकीनं नेम शिकता येत नाही.

उघडण्याआधी एक पक्कं लक्षात ठेवा: नळी मोडलेली असताना चापाला बोट लावायचं नाही. स्प्रिंग सुटली तर नळी विजेसारखी वर येते. तिथं बोट असेल तर बोट जातं, नसेल तर नळीच वाकते. मामांच्याच एका बंदुकीची नळी अशी वर उचललेली आहे, शेजारी सरळ पट्टी धरली की दिसते. शिवाय छर्रा न घालता बार काढायचा नाही. छर्रा असला की पुढं हवेची उशी तयार होते आणि पिस्टन तिच्यावर टेकतो. छर्रा नसेल तर तो थेट लोखंडावर आदळतो, वायसर चिरडतो, स्प्रिंग तुटते. जत्रेत पोरं रिकाम्या बंदुकीनं "ठॉक ठॉक" करत बसतात, ते ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो.

आता खरं सांगायचं तर निम्म्या बंदुका उघडायची गरजच नसते. तक्रार नेमाची असेल तर आधी दस्त्याचे, म्हणजे बंदुकीच्या लाकडी भागाचे, स्क्रू बघा. पुढं दोन बाजूंना दोन आणि चापाच्या कडीजवळ एक किंवा दोन असतात. स्प्रिंगची बंदूक दोनदा धक्का देते, पिस्टन सुटताना मागं आणि तो पुढं थांबताना पुढं, आणि या दुहेरी हिसक्यानं स्क्रू हळूहळू सैल पडतात. सैल स्क्रूची बंदूक आज डावीकडे मारते, उद्या उजवीकडे. स्क्रू काढून आट्यांतलं तेल पुसा, निळ्या थ्रेड लॉकरचा, म्हणजे आटे धरून ठेवणाऱ्या चिकट द्रवाचा, एक थेंब लावा आणि बेतानं आवळा. जीव खाऊन आवळलात तर लाकूड चिरतं.

मग सांधा. नळी जिथं मिटते तिथं एक लहान ओ-रिंग, म्हणजे रबराची कडी असते, जुन्या बंदुकांत चामड्याची चकती. टिश्यू पेपरची बारीक पट्टी त्या सांध्यावर आडवी ठेवा, छर्रा घालून सुरक्षित ठिकाणी बार काढा. पट्टी उडाली तर हवा तिथूनच जाते. रिंग बसल्यावर लोखंडाच्या पातळीपेक्षा केसभर वर हवी, 0.2 ते 0.3 मिमी. खोल बसली असेल तर तिच्याखाली पातळ कागदाची चकती घाला. दहा रुपयांचं काम आहे, आणि कितीतरी जण त्यासाठी नवी स्प्रिंग विकत घेऊन बसतात.

नळी साफ करायला मी मासे धरायचा तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा वापरतो. दुहेरी करून भरायच्या बाजूनं आत घालायचा, पुढच्या तोंडातून बाहेर काढायचा, मागच्या फासात बनियनचा तुकडा अडकवून ओढायचा. पहिला तुकडा शिशानं काळा येतो, चौथा-पाचवा जवळजवळ पांढरा. तारेचा ब्रश घालू नका, नळीचं पोलाद मऊ असतं. मग कान कोरायची कापसाची काडी घेऊन नळीच्या तोंडाच्या आतल्या कडेवरून गोल फिरवा. कुठं कापसाचा धागा अडकला तर तिथं बर, म्हणजे धातूचा बारीक टोकदार उंचवटा आहे, आणि छर्रा बाहेर पडताना तिथंच कलतो.

मामांच्या बंदुकीत या सगळ्यानं फरक पडला नाही. बार सुटताना आवाज आला तो आधी "फुस्स", मग "टण्ण्ण". फुस्स वायसरचं, टण्ण स्प्रिंगचं. म्हणजे पोट उघडणं आलं.

दस्ता काढला की उरते ती सिलिंडर, नळी आणि चापाचा ठोकळा. या मागच्या ठोकळ्याला टेकून, त्याच्या पुढं, स्प्रिंग आधीपासून दाबलेली असते, बंदूक भरलेली नसली तरीही. दोन-चार इंच दाबाची स्प्रिंग पिन काढताच हाताबाहेर जाते. हातानं दाबून पिन काढणारे बहाद्दर मी पाहिलेत, एकाच्या कपाळावर अजून खूण आहे. मी लेथ वापरतो. मेन स्विच बंद करून फ्यूज खिशात घालतो, नळीचं तोंड चकच्या, म्हणजे लेथच्या जबड्याच्या, बाजूला लाकडी ठोकळ्यावर टेकवतो आणि समोरच्या टोकाच्या, चाकानं पुढं सरकणाऱ्या टेलस्टॉकनं मागचा ठोकळा जरासा दाबतो. पिनवरचा ताण गेला की ती पंचनं अलगद निघते. मग टेलस्टॉकचं चाक उलटं फिरवत स्प्रिंगला सावकाश झोपवायचं. तुमच्याकडे लेथ नसेल तर जाड फळी, दोन टोकांना दोन ठोकळे आणि त्यातून जाणारा लांब आट्याचा बोल्ट असा शिकंजा कुठलाही फॅब्रिकेटर करून देईल. काहीही वापरा, पण तोंड त्या रेषेत ठेवू नका, आणि प्रत्येक पायरीला मोबाइलवर फोटो काढा. चापाच्या आतल्या बारीक स्प्रिंगा कुठल्या बाजूला होत्या हे अर्ध्या तासानं कुणालाच आठवत नाही.

पिस्टन बाहेर आला आणि फुस्सचं कारण हातात पडलं. वायसर वाळून पापडासारखा झाला होता, एका बाजूनं कड तुटलेली. घरात रॉकेलचा स्टोव्ह असलेल्यांना हे चामडं ओळखीचं वाटेल. पंपाला दाब येईना झाला की आई दांडा काढून त्या चामड्याला तेलाचं बोट लावायची, कडा जरा फाकवायची आणि स्टोव्ह पुन्हा भर्रकन पेटायचा. बंदुकीत तेच, फक्त झटका मोठा.

तयार वायसर मिळतो, पण मी स्वतः करतो. आमच्याकडे कोल्हापुरी चपलेचं चामडं बाभळीच्या सालीनं आणि हिरड्यानं कमावतात. ते भिजवलं की मातीसारखं वळतं आणि वाळलं की दिलेला आकार धरून बसतं, वायसरला नेमकं हेच लागतं. चपला करणाऱ्याकडून अडीच-तीन मिमी जाडीचा तुकडा आणायचा. मामांच्या बंदुकीचं सिलिंडर आतून 25 मिमीचं, म्हणून 40 मिमीचा गोल कापला. कोमट पाण्यात अर्धा तास भिजवला. लेथवर 25 मिमी भोकाची एक रिंग आणि 19 मिमीचा एक ठोकळा वळून ठेवलेला आहे, कडा गोल केलेला. ओलं चामडं रिंगवर ठेवायचं, वर ठोकळा, आणि व्हाइसमध्ये सावकाश आवळायचं. चामडं कुरकुरतं, कडांवर पाणी सुटतं आणि त्याची वाटी होते. तसंच दोन दिवस सावलीत. उन्हात ठेवलंत तर आकसून वाकडं होतं. वाळल्यावर वाटीची कड पात्यानं एका उंचीची करायची, मधे स्क्रूचं भोक पाडायचं, आणि मग रात्रभर नीट्सफूट तेलात, म्हणजे चामडं मऊ ठेवणाऱ्या तेलात, बुडवून ठेवायचं. गोडेतेल वापरू नका, महिन्याभरात ते चिकट गोंद होतं. बसवताना वाटीचं तोंड पुढं, हवेकडं. चेपलेली हवा आतून कड बाहेर ढकलते आणि वाटी स्वतःच सिलिंडरला चिकटते.

बरोबर बसलं का, ते बघायची रीत सोपी. रिकाम्या सिलिंडरात पिस्टन हातानं घाला, पुढचं भोक अंगठ्यानं बंद करा आणि पिस्टन ढकला. उशी लागली पाहिजे, सोडला की उसळून मागं आला पाहिजे. घट्ट बसून जागचा हलेना तर कड जरा उतरवा. सुळकन गेला आणि काहीच जाणवलं नाही तर वायसर बारीक झाला, नवा करा.

तुमची बंदूक नवी असेल तर आत प्लास्टिकचा वायसर असेल. त्याला चामड्यासारखं तेल पाजायचं नाही. इथं माझा इंजिनवाला जीव मधे येतो. हवा झपाट्यानं चेपली की तापते, आणि त्यात तेलाची वाफ सापडली की पेट घेते. आमच्या ऑइल इंजिनात डिझेल स्पार्क प्लगशिवाय पेटतं ते असंच. बंदुकीत भोकातून पातळ तेल टाकलं की मोठा "धाड" होतो, निळसर धूर येतो, आणि पोरगं खूश होतं की जोर वाढला. प्रत्यक्षात वायसरची कड करपत असते. चामड्याच्या बंदुकीत वर्षातून दोन थेंब चालतात. ते टाकून बंदूक रात्रभर उभी ठेवायची, पहिले चार-पाच बार थोडा धूर येतो, मग थांबतो.

सिलिंडरला खाली एक लांब खाच असते, नळी मोडायचा दांडा तिच्यातून चालतो. तिच्या कडा कारखान्यातून पात्यासारख्या धारदार येतात. नवा वायसर आत सरकवताना त्या कडा त्याला सोलून काढतात, आणि मग माणूस म्हणतो नवा वायसर टाकूनही फुस्सच. बारीक कानशीनं कडा मारा, पॉलिश पेपर फिरवा, रॉकेलनं धुवा, फुंकून वाळवा. पिस्टन घालताना खाचेवर पातळ प्लास्टिकची पट्टी धरा.

आता टण्णची गोष्ट. स्प्रिंग काचेवर ठेवून लोळवली. सरळ स्प्रिंग गडगडत जाते, ही लंगडत गेली. टोकाचे दोन वेढे चेपलेले. बंदूक भरून तासन्तास ठेवली की असं होतं, गिऱ्हाइकाची वाट बघत जत्रेत ती भरलेलीच उभी असते. नवी स्प्रिंग आणली, त्याच तारेची, तितक्याच वेढ्यांची. जाड तारेची घ्या म्हणणारे पुष्कळ भेटतील. जाड स्प्रिंगनं पिस्टन आणखी जोरात आदळतो, बंदूक हातात जास्त नाचते, नेम जातो आणि वेग मात्र वाढतो थोडासाच. टोकं सपाट घासली, कडा पॉलिश केल्या, म्हणजे स्प्रिंग दाबताना वळते तेव्हा ती खरवडत नाही.

स्प्रिंगच्या आत एक दांडा असतो, तिला सरळ ठेवायला. जुना दांडा पत्र्याचा, त्यावर स्प्रिंग दोन मिलिमीटरनं डुगडुगत होती. ती डुगडुग म्हणजेच टण्ण. मी डेलरिन नावाच्या कडक प्लास्टिकचा दांडा वळला, स्प्रिंग त्यावर हातानं दाबून चढावी इतका घट्ट. दाबली की स्प्रिंगचा व्यास थोडा वाढतो, त्यामुळं आतून घट्ट चालतं, बाहेरून मात्र जागा हवी. बाहेरून स्प्रिंग आणि पिस्टनच्या मधे फटच फट होती, तिथं कोल्ड्रिंकच्या बाटलीचं प्लास्टिक गुंडाळून घातलं, पिस्टनच्या खाचेपुरतं कापून. हसू नका, करून बघा.

ग्रीस थोडं. हे मी दोनदा सांगतो, थोडं. पिस्टनच्या बाहेरच्या अंगाला मॉलीचं (मॉलिब्डेनमचं) काळं ग्रीस, बोटानं लावून बोटानंच पुसल्यासारखं. गाडीच्या एक्सलच्या सांध्यात भरतात ते चालतं. स्प्रिंगवर जरा चिकट, जाड ग्रीसचा पातळ हात. वायसरच्या पुढं काहीच नाही. एकानं स्प्रिंग ग्रीसच्या डब्यात बुडवून बसवली होती. बंदूक अगदी शांत झाली, छर्रा मात्र नळीतच राहिला.

बसवताना नळीच्या सांध्याचा बोल्टही बघा. नळी अर्धी मोडून हात सोडला तर ती आहे तिथंच थांबली पाहिजे. आपल्या वजनानं खाली पडली तर बोल्ट आवळा.

चापाच्या खटक्याला मी कानस लावत नाही. पोरं व्हिडिओ बघून येतात, "चाप हलका करून द्या" म्हणतात. खटक्याची पकड केसभर कमी झाली की बंदूक आपटल्यावर आपोआप सुटते. साफ करून ग्रीसचा एक ठिपका, बस्स.

जोराचा विषय निघालाच आहे तर कायदाही सांगतो. 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे 4.5 मिमीपर्यंतची आणि 20 जूलपर्यंतच्या ताकदीची एअर रायफल विनापरवाना ठेवता येते, त्यापुढं परवाना लागतो. हिशोब सोपा आहे: छर्ऱ्याचं वजन किलोत, गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन. 0.53 ग्रॅमचा छर्रा सेकंदाला 160 मीटरनं गेला तर जवळपास 7 जूल होतात. 20 जूल गाठायला तोच छर्रा 275 मीटरनं जावा लागेल. 10 मीटरवर कागदाला भोक पाडायला 7 जूल भरपूर आहेत. पाखरं मारायची म्हणून कुणी आणली तर मी शटरच्या बाहेरूनच परत पाठवतो. 1972 च्या वन्यजीव कायद्यानं तो गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी पाठवली असती.

छर्रे एकाच डब्यातले वापरा. मागच्या पोकळ बाजूची कड चेपलेले बाजूला काढा. डब्यावर 4.50, 4.51, 4.52 असं डोक्याचं माप असतं, तुमच्या नळीला कुठलं बसतं ते मारूनच कळतं. अंगठ्यानं दाबताना बेतानं आत जाणारा बरा. छर्रे शिशाचे असतात, हात धुतल्याशिवाय भडंग खायचं नाही.

पहिले वीस-तीस बार बंदूक जुळून यायला सोडून द्यायचे. मग मोजायचं. आमच्या ओळखीत वेग मोजायचं यंत्र आहे. दुरुस्तीआधी मामांच्या बंदुकीचे दहा बार सेकंदाला 118 मीटरपासून 149 पर्यंत पसरले होते. नंतरचे दहा 158 ते 163 च्या आत. आवाज टण्णचा जाऊन "ठप्" झाला, गादीवर उशी टाकल्यासारखा.

धरायची पण एक रीत आहे. काडतुसाची रायफल खांद्यात दाबून धरतात, तशी ही धरू नका. छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आत पिस्टनचे दोन्ही धक्के बसायला लागलेले असतात. तुम्ही घट्ट धरली तर प्रत्येक वेळी वेगळ्या बाजूला उडते. डाव्या तळहातावर नुसती टेकवा, बोटं मिटू नका, तिला हवं तसं हलू द्या, फक्त दरवेळी तळहात त्याच जागी ठेवा. भिंतीवर किंवा दगडावर टेकवून मारू नका. चाप ओढल्यावरही क्षणभर नेमातच राहा.

आणि पावसाळा. आमच्याकडे जूनपासून चार महिने भिंतींनाही ओल असते. बंदूक रेक्झिनच्या पिशवीत किंवा फोमच्या पेटीत बंद करून ठेवलीत तर गणपतीपर्यंत तांबडी होते. उघडी, उभी, कोरड्या कोपऱ्यात ठेवा. हात लागला की तेलाच्या फडक्यानं पुसा, घामाचा ठसा दोन दिवसांत गंजतो. स्प्रिंग सैल ठेवा, भरलेली कधीच नको. लहान पोरं असतील तर कुलपात.

मामांची बंदूक मी शेडच्या मागच्या बोळात, मागं मातीची पोती रचून, 10 मीटरवर मारून बघितली. पाच छर्रे रुपयाच्या नाण्याखाली झाकले गेले. फक्त सगळे नेमापासून तीन इंच डावीकडे. माशी, म्हणजे नळीच्या टोकावरचा नेम धरायचा खुंट, जरा सरकवली की काम होतं, हात शिवशिवत होते, पण गिऱ्हाइकाला विचारल्याशिवाय मी काही बदलत नाही.

संध्याकाळी मामा आले. बंदूक मोडून बघितली, "ठप्" ऐकलं, मान डोलवली, पैसे मोजून दिले. पोत्यात गुंडाळता गुंडाळता थांबले, इकडंतिकडं बघितलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "मिस्त्री, माशी तेवढी हलवली न्हाईसा न्हवं?"